बंदरावर न उतरलेला आजोबा

बारकी नावापुरतीच बारकी उरली होती. पडदे शिवता शिवता साठीला आली, गुडघे कुरकुरू लागले, एका बारकीत दोन मावतील असा देह झाला. तरी थोरला भाऊ तिला बारकीच म्हणे, आणि त्याचं ऐकून सगळी गल्लीही. हा दादा नळदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला. बायको गेल्यापासून घरात एकटाच. बारकी रोज त्याला डबा पोचवायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसायची.

"आपला आजा जहाजातून आला, एवढंच ठाऊक," दादा घास चावत म्हणायचा. "कुठल्या गावचा, कुणाचा, काही पत्ता नाही. मी असाच जायचो."

हे ऐकून ऐकून बारकीने मनावर घेतलं. बंदराच्या जुन्या कचेरीत जहाजांच्या याद्या बघायला मिळतात, असं एका गिऱ्हाइकाने तिला सांगितलं होतं. दुपारी मशीनवर कापड झाकून ती तिथे जाऊन बसू लागली. प्रत्येक जहाजाच्या दोन याद्या असत. तिकडे चढले त्यांची एक, इथे उतरले त्यांची दुसरी. चढलेल्यांच्या एका यादीत आजोबांचं नाव दिसलं. वय जुळत होतं, साल जुळत होतं, आणि पुढे गावाचं नाव.

"उतरलेल्यांची यादी बांधणीला गेलीय," कारकून म्हणाला. "ती बघितल्याशिवाय पक्कं धरू नका, मावशी. पुढच्या महिन्यात या."

"चढला तो उतरणारच की. मध्ये काय स्टेशन लागतं?"

कारकून हसला. बारकीलाही आपलं बोलणं आवडलं. दादाने तिला जन्मभर वेंधळी म्हटलं होतं. आज त्या वेंधळीने आजोबा शोधून काढला होता, आणि महिनाभर पोटात ठेवण्याइतका धीर तिच्यापाशी नव्हता.

दादाने त्या गावच्या शाळेला पत्र धाडलं. तिथल्या मास्तरांनी ते नेमकं त्या माणसाच्या घरी पोचवलं. मग एका रविवारी फोन आला. यादीतल्या माणसाच्या सख्ख्या बहिणीची नात बोलत होती. दादाला बहीण मिळाली. रविवार आला की तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून फोनपाशी बसायचा. सहा दिवस कण्हणारा माणूस सातव्या दिवशी खो खो हसायचा. बारकी देवापुढे हात जोडून म्हणायची, तुझी कृपा.

एका रविवारी ती बाई सहज बोलून गेली, "एक सांगू का दादा? राग मानू नका. आमची आजी मरेपर्यंत या भावावर रुसलेली होती. म्हणायची, तिकडे सुखात पडला आणि आईला दोन ओळी टाकवल्या नाहीत त्याला. त्या आईने शेवटी त्याचं नाव घ्यायचंसुद्धा सोडलं. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याचं काही बरंवाईट झालं असेल. पण आजीचंच खरं निघालं. चांगला नातवंडं बघून गेला की."

दादा ओशाळून म्हणाला, "आजा आमचा तुसडाच होता म्हणायचा."

बारकीला मात्र कारकुनाचं बोलणं आठवलं. ती दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली. यादी बांधून आली होती. त्या नावावर आडवी रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, वाटेत तापाने मृत, समुद्रात सोडला.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. आपला आजोबा कुठल्या तरी दुसऱ्याच जहाजातून आला होता. आणि हा कोवळा पोरगा, कधी न उतरलेला, आपल्या घाईपायी कृतघ्न ठरला होता. त्याच्याच माणसांत.

संध्याकाळी तिने दादाला सगळं सांगितलं.

"मी गेल्यावर सांग त्यांना," तो म्हणाला. "मी किती दिवसांचा?"

"दादा, त्या पोराने कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

"आणि मी कुणाचं मारलंय?"

आठवडाभर बारकी देवापुढे उभी राहायची, पण मागायचं काय तेच तिला सुचेना. भावाचा आनंद मागावा तर त्या पोरावरचा बोल राहतो, आणि बोल पुसावा तर भावाच्या ताटातलं आपल्याच हाताने काढून घ्यायचं.

रविवारी फोन वाजला. दादाने तो उचलला आणि तिच्यासमोर धरला. "तूच बोल. जोडलंस तू, तोड तूच."

बारकी बोलली. काही लपवलं नाही. कारकुनाने बजावलं होतं, आपण ऐकलं नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे तो विसरला नव्हता," ती बाई म्हणाली. मग आवाज लांब गेला, कुणाला तरी हाका मारू लागला, "अरे इकडे या, ऐका," आणि त्या गडबडीत, रडारडीत फोन बंद झाला.

दादाने फोन कानाला लावून पाहिला आणि हळूच टेबलावर ठेवला.

"विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी करणार आहे का ती?"

बारकीने मान खाली घातली. त्याच्या ताटातलं अन्न निवत चाललं होतं, पण जेव म्हणायचं तोंड तिला उरलं नव्हतं.