शालनचा उजवा हातमोजा

शालन कुणाच्याही घरी गेली की आधी नळ गाठायची. कोपरापर्यंत हात धुऊन झाल्यावरच विचारायची, "कसे आहात काका?" डब्लिनच्या मराठी मंडळात प्रसाद वाटतानाही ती मुलांचे तळवे उलटेपालटे करून बघे. पोरं कंटाळून म्हणायची, "मावशी, वी वॉश्ड!" त्यावर तिचं ठरलेलं, "आधी हात, मग माया." पंचवीस वर्षं नर्स होती. धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या होत्या.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या जखमेत हॉस्पिटलातलाच एक जंतू शिरला, बहुतेक औषधांना न जुमानणारा. खोलीच्या दारावर पिवळी पाटी लागली: आत येणाऱ्याने गाऊन आणि हातमोजे घालायचे. त्या मजल्यावर शालनचीच ड्यूटी होती.

"काय गं, सोवळं नेसून आलीस?" मी पहिल्याच दिवशी टोमणा मारला.

"सोवळंच समजा काका. आधी हात, मग माया."

ती हसली, मी नाही. बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा दूरच्या फ्रिस्को शहरातून फक्त फोनवर भेटायचा, आणि मला लागणारा प्रत्येक हात रबराचा होता. मी जेवण परत पाठवू लागलो. चौथ्या दिवशी शालनने घरून मेतकूट-भात आणला. चमचा पुढे केला तसं मी तोंड फिरवलं.

"आपल्या माणसाला असं भरवतात? राहू दे. उपाशी बरा."

तिने चमचा खाली ठेवला. मग उजवा हातमोजा काढला. "एवढं एकदाच हं."

भरवता भरवता मी हललो, पट्टी सुटली. तिने सवयीने त्याच हाताने दाबून धरली. नंतर बराच वेळ हात धूत होती.

मी घरी आलो आणि पंधरा दिवसांत ती त्याच हॉस्पिटलात दाखल झाली. अंगठ्याच्या भेगेतून रक्तात, रक्तातून हृदयाच्या झडपेत. तपासणीत माझाच जंतू निघाला. ती गेली.

हॉस्पिटलकडून चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं, तिने हातमोजा काढला होता का? मी म्हणालो, हो. का काढला? मी म्हणालो, कल्पना नाही. कागदावर तिचा निष्काळजीपणा लिहिला गेला. शोकसभेत मागे कुणी कुजबुजलं, "नर्स असून असं कसं केलं?" मी पहिल्या रांगेत होतो. सगळ्यांना दिसेल असा रडलो.

तिची मुलगी मीरा आता नर्स आहे. गेल्या महिन्यात म्हणाली, "काका, आय स्टिल डोन्ट गेट इट. आई विसरली कशी?"

"थकली असेल गं," मी म्हणालो. सहा वर्षांत तिसऱ्यांदा.

मीराला मराठी वाचता येत नाही. रविवारी तिच्या घरी जाऊन हे मीच वाचून दाखवणार आहे.

मीरा, तुझी आई काहीही विसरली नव्हती. हातमोजा मी काढायला लावला.