चुन्याचं वाण

जुन्या इंदूरच्या त्या गल्लीत इंदिराबाई शिर्के म्हणजे बिनपगारी हेडमास्तरीणच म्हणा ना! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाट्या-चमचे लुटतात. यंदा या बाईंनी चुन्याच्या पुड्या लुटल्या. गच्ची पांढरी करा, घर तापणार नाही. वर प्रत्येकीकडून वचन घेतलं, की गल्लीकडे तोंड करून कोणी एसी लावायचा नाही. गल्ली जेमतेम पाच फुटांची. एका घरात गारवा म्हणजे समोरच्या खिडकीत भट्टी. "एकटीनं करून काय होतंय? सगळ्यांनी मिळून करायचं!" चौदाही घरांनी ऐकलं.

आणि मे महिन्यात ऊन लागलं ते नेमकं त्यांच्याच प्रतापरावांना. लकव्यानं दोन वर्षं खाटेवर असलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, "काकूजी, खोली थंड पाहिजे. कूलर से नहीं चलेगा." घराच्या तीन भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. गच्ची तीन मजले वर. मेकॅनिक म्हणाला, तिथवर पाइप नाही जायचा. उरली गल्लीकडची भिंत.

दोन दिवस बाई ओल्या चादरी बदलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्यांना ओळखलंच नाही. "लाव बाबा," त्या मेकॅनिकला म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

प्रतापराव शांत झोपू लागले. समोरच्या घरातल्या ऋजुताची खिडकी मात्र बंद झाली. आत तिचं पाच महिन्यांचं बाळ. गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. अगं बायांनो, भांडा की कुणी माझ्याशी! बाईंना घरात बसवेना आणि बाहेर पडायची लाज वाटे.

चौथ्या दुपारी ऋजुता आली. बाळाचं अंग घामोळ्यांनी लालभडक.

"इथेच निजव त्याला," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "रोज आण. तूही ये. एक मशीन दोन घरांना पुरेल."

ऋजुतानं खाटेकडे पाहिलं. "आज निजवते काकू. रोज कसं जमेल? काकांचं सगळं इथेच करावं लागतं तुम्हाला. ह्यांनी एसी मागवलाय. तुमच्या मेकॅनिकचा नंबर द्या ना."

"लावणार कुठे?"

"गल्लीकडेच. दुसरी भिंत आहे कुठे?"

आता कोणत्या तोंडानं नको म्हणणार? बाईंनी नंबर दिला.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघी तोच नंबर मागून गेल्या.