दादाचा खटक्याचा चाकू

दादा लष्करातून घरी आला तेव्हा त्याचा डावा हात मनगटापासून गेलेला होता. गाडी दुरुस्त करताना अपघात झाला, एवढंच तो सांगायचा. केडगावात आमची पेरूची बाग होती. तो लगेच कामाला लागला. पण साधा घडीचा चाकू उघडायचा तरी दोन हात लागतात. दादा दातांनी पातं ओढून काढायचा. आईला ते बघवत नसे.

मग त्यानं नगरच्या बाजारातून खटक्याचा चाकू आणला. अंगठ्यानं खटका दाबला की पातं सटकन बाहेर. दादा खुशीत होता. एका दुपारी पाटीची सुतळी कापताना मात्र खटका निसटला आणि पातं मिटलं ते थेट बोटांवर. होता नव्हता तो एकच हात!

टाके निघेपर्यंत वहिनी त्याला भरवायची. जेवायला बोलावलं की तो "भूक न्हाई" म्हणून भिंतीकडे तोंड करायचा. वहिनी ताट घेऊन तशीच बसून राहायची. आईनं तो चाकू विहिरीत फेकून दिला.

दिवाळीत त्याच्या पलटणीतला जोडीदार भेटायला आला. बोटांवरचे वण बघून त्यानं काय झालं ते विचारलं. ऐकून घेतलं आणि आपल्या खिशातला चाकू काढून दादापुढं ठेवला. तोही खटक्याचाच, पण परदेशी बनावटीचा.

आई ताडकन उठली. "पुन्यांदा नगं रं बाबा!"

"आई, वाळूत पडला, चिखलात पडला, पन ह्यानं कदी दगा दिला न्हाई," जोडीदार म्हणाला.

"तुला बोलाया काय जातंय? बोटं माज्या लेकाची हायेत."

दादानं चाकू उचलला. पातं उघडलं, आडवं हलवून पाहिलं. जरासुद्धा डुगडुगलं नाही. मूठ आणि पातं जोडलेल्या जागी उजेडात निरखून पाहिलं. कुठं फट नव्हती. आईनं चाकू त्याच्याकडून ओढून घेतला. मुठीला पदर गुंडाळून घट्ट धरली आणि वरवंटा उचलून पात्याच्या पाठीवर ठणकन हाणला. पातं जागचं हललं नाही. तिनं आणखी जोरात हाणला. मग वरवंटा खाली ठेवून ती म्हणाली, "ठेव."

दुसऱ्या दिवशी दादा बागेत गेला तो दिवस कलला तरी परतला नाही. वहिनी घाबरली, म्हणून मी बघायला गेले. तो झाडाखाली बसून चाकू उघडत होता, मिटत होता. मिटताना खटका दाबून पात्याची पाठ मांडीवर टेकवायची, असं त्याला जमलं होतं. मला बघून त्यानं फळीवर पेरू ठेवला, डाव्या मनगटानं दाबून धरला आणि त्याच्या फोडी केल्या.

"घे," तो म्हणाला. "मीठ आनायचं न्हाई व्हय?"

मी तशीच फोड तोंडात टाकली.

पुढं कितीतरी वर्षं तो चाकू त्याच्या खिशात होता. त्या दिवाळीनंतर दादा शर्टाच्या गुंड्याही स्वतः लावू लागला. वेळ लागायचा. वहिनी दारात भाकरीचं फडकं घेऊन उभी राहायची, पण मदतीला हात पुढं करायची नाही.