दुपारी चढणारा काटा

अक्का आणि तिचा धाकटा भाऊ मिळून प्रयोगशाळांसाठी हाय-व्होल्टेज सप्लाय, म्हणजे जास्त दाबाची वीज देणाऱ्या पेट्या, बनवायचे. कारखाना कसला, पत्र्याच्या छपराची एक खोली. अक्काने लग्न केलं नाही. भावाचं झालं, तरी तो दुपारचा डबा अक्काच्याच टेबलावर उघडायचा.

त्या उन्हाळ्यात एक सप्लाय काही केल्या ताळ्यावर येईना. सकाळी नऊशे व्होल्टवर लावलेला मीटरचा काटा दुपारी पत्रा तापला की वर सरकायचा.

"ऊन बाधतंय बिचाऱ्याला," भाऊ हसायचा.

अक्काने घरून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि एकेका भागावर गरम हवा मारली. झेनर डायोडवर हवा लागताच काटा उचलला. व्होल्टेज एका जागी धरून ठेवणं हेच त्याचं काम, आणि तापला की तोच ढळत होता.

"मोठ्या व्होल्टचे झेनर काढूनच टाकू," भाऊ म्हणाला. "पाच-साडेपाच व्होल्टचे उष्णतेने फारसे हलत नाहीत. तेच दीडशे-पावणेदोनशे एकापुढे एक जोडू."

"जोडणार कोण? माझे डोळे गेलेत."

"मी काय मेलोय का?"

त्याने जोडायला घेतले. अर्धे झाले तेव्हा, सप्लाय जुन्या जोडणीवर पुन्हा एकदा चालू करून पाहून, त्याने स्विच बंद केला आणि आत हात घातला. अक्का पाणी भरायला गेली होती. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवणाऱ्या रेझिस्टरचा टाका निसटला होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ती परतली तेव्हा भाऊ जमिनीवर निष्प्राण पडला होता.

भावजय रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बंद केलं होतं ना? मग कसं?"

बंद यंत्रातही वीज साठून राहते, हे अक्का सांगू लागली. मग ते अर्ध्यावर सोडून तिने भावाचा डबा भावजयीच्या हातात दिला.

काही महिन्यांनी तिने खोली उघडली. भिंग लावून, बोटं भाजून घेत, उरलेले झेनर जोडले. भर दुपारी सप्लाय चालू केला. पत्रा तापला, काटा हलला नाही. ती तशीच उठून भावजयीकडे गेली. तिथे सामानाची बांधाबांध चालली होती. भावजय माहेरी निघाली होती.

"जमलं गं ते," अक्का म्हणाली.

"मला नका सांगू, अक्का."

अक्का खाली बसली आणि भांडी कागदात गुंडाळू लागली. भावजयीने दोरी पुढे केली. दोघी खोकी बांधत राहिल्या.

अक्का आता सप्लाय बनवत नाही, पंखे दुरुस्त करते.