गुणाबाईनं बल्ल्या वाजवल्या

स्लॅब टाकायच्या दिवशी गुणाबाई चहाच्या आधी बल्ल्या वाजवायची. चाकूरकडची ही बाई पन्नाशी ओलांडलेली. सव्वीस वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलेली. सेंट्रिंगच्या, म्हणजे ओला स्लॅब तोलणाऱ्या फळ्या-बल्ल्यांच्या, खाली शिरायचं, दांडक्यानं एकेका बल्लीला ठोका द्यायचा आणि कान लावायचा. वजन पेलणारी बल्ली खणखणीत बोलते. बुडाशी सैल झालेली बोलते बसक्या घशानं.

त्या दिवशी निलंग्यात पंचाक्षरी आप्पांच्या नव्या दुकानाचा स्लॅब होता. मुहूर्त साडेनऊचा. आप्पांच्या आई गौरम्मा, सगळ्यांच्या अव्वा, यांनी पहाटेच येऊन ईशान्येच्या कोपऱ्यात नळी सोडून सडा घातला होता, वर हातभर रांगोळी. मिक्सर घरघरत होता. बारा बाया चुंबळी वळून तयार होत्या.

गुणाबाई ठोके देत त्या कोपऱ्यात पोचली आणि थांबली. चार बल्ल्या बसक्या बोलल्या. तिनं टाच रोवली, तर काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत गेला.

"मुकादम, मिक्सर बंद करा."

व्यंकट मुकादम हसला. "काय गुणाक्का, बल्ल्या आज काय म्हणून राहिल्या? नाष्टा पायजे का त्यांना?"

"बुडाखाली चिखल हाय म्हणून राहिल्यात."

"काल सांजच्याला मॅडमनी सगळं तपासलंय. कागदावर सही हाय."

"सही कालची हाय. चिखल आजचा हाय."

बाया फिस्सकन हसल्या. आप्पा मात्र घड्याळ दाखवत पुढं आले. "अगं बाई, मुहूर्त टळला तर अव्वा मला घरात घ्यायची न्हाई!"

"आप्पा, मुहूर्त दुसरा मिळंल. ह्या बारा जणी वर चढल्या अन् कोपरा बसला, तर त्या कुठून आणताव?"

आप्पांनी घड्याळाचा हात खाली घेतला. साऱ्यांनी मंजुश्रीकडं पाहिलं. सुरक्षेचं काम बघणारी ही उदगीरची इंजिनिअर नोकरीला लागून तीनच महिने झाले होते, आणि कागदावरची सही तिचीच होती. ती आत शिरली. गुणाबाईचं दांडकं घेऊन तिनं आधी मधली बल्ली वाजवली, मग कोपऱ्यातली. परत एकदा वाजवली.

"बंद करा मिक्सर," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मावशी, काल मी हलवून बघितल्या होत्या. घट्ट होत्या."

"घट्टच होत्या, लेकी. काळी माती पाणी प्याली की शब्द फिरवती."

"पण पाणी ओतलं कुणी एवढं?" काठी टेकत आलेल्या गौरम्मांनी दरडावून विचारलं.

व्यंकट आभाळाकडं बघू लागला. शेवटी गुणाबाईच म्हणाली, "अव्वा, तुमचा सडा लई मनापासून पडला."

गौरम्मांनी रांगोळीकडं पाहिलं, चिखलाकडं पाहिलं आणि अशा हसल्या की काठी हातातून सुटली. "शिवा शिवा! म्हणजे देवाच्या नावानं मीच खड्डा केला म्हणा की!"

मग काम कसं पळालं! चिखल उपसला, कोरडा मुरूम चोपून भरला, त्यावर रुंद फळ्या टाकल्या, बल्ल्या उभ्या करून पाचरी ठोकल्या. मंजुश्रीनं एकेक बल्ली वाजवली. चुकलं की गुणाबाई मान हलवायची, जमलं की हुंकार द्यायची. सव्वाअकराला चारही बल्ल्या खणखणल्या.

"हाच मुहूर्त," गौरम्मांनी जाहीर केलं. "पंचांग मी बघून घेते."

नारळ फुटला, मिक्सर फिरला. बाया गात घमेली वाहत होत्या, आणि साडेतीनपर्यंत स्लॅब झाला.

गव्हाच्या खिरीचा, म्हणजे हुग्गीचा, वास सुटला होता. आप्पांनी हौसेनं नव्या स्लॅबखाली, गार सावलीत, पंगतीच्या सतरंज्या अंथरून घेतल्या. "बसा, बसा!"

गुणाबाई बसली नाही. तिनं नुसतं वरच्या ओल्या स्लॅबकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

आप्पांनी जीभ चावली. स्वतःच सतरंजीचं टोक धरलं, दुसरं व्यंकटनं धरलं, आणि अख्खी पंगत उन्हात गेली. मालक, मॅडम, मिस्तरी, बाया, सगळे घाम पुसत गरम हुग्गी ओरपत होते.

"अव्वा, ऊन लागतंय का?" गुणाबाईनं वाढता वाढता विचारलं.

"लागतंय की," गौरम्मा म्हणाल्या. "वाढ अजून."