साहेबांच्या हातची इमेज

बीडच्या बस स्टँडमागे, एका दुसऱ्या मजल्यावर, साखर कारखान्यांसाठी उसाच्या वजनपावतीचं सॉफ्टवेअर बनतं. ते तपासायचं काम चौसाळ्याच्या पंचशीलाचं. तपासणीला दर वेळी कोरं मशीन लागतं. खरंखुरं नव्हे, संगणकाच्या पोटात चालणारं व्हर्च्युअल मशीन. त्याचा साचा म्हणजे इमेज; ती एकदा बनवली की हव्या तितक्या प्रती निघतात. आणि ती बनवण्याचा मान मालक अमरसिंह साहेबांचा. अगरबत्ती लावून, बाह्या सारून साहेब तीन दिवस क्लिक करत बसायचे. "हाताला गुण लागतो," म्हणायचे. कसला गुण आणि कसलं काय! दर इमेज निराळी, आणि तिच्यात काय काय केलं ते साहेबांनाच आठवत नसे.

पंचशीलानं एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकानं ओळीनं पाळायच्या आज्ञांची यादी. ती चालवली की अर्ध्या तासात इमेज आपोआप तयार, दर वेळी जशीच्या तशी. साहेबांनी ती न उघडताच नाक मुरडलं.

मग साहेबांच्या ताज्या इमेजवरून गेलेली एकही पावती कारखान्याचा सर्व्हर घेईना. साहेबांनी शोध लावला की तपासणारी निष्काळजी आहे. हाताखालच्या चौघांसमोर त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. चूक माझी, मी नोकरी सोडते, असा मजकूर तयारच होता.

"सही कर."

पंचशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. घर तिच्या पगारावर चालत होतं, आणि चार वर्षं राबून हे बक्षीस!

"करते, सर. आधी दोन्ही मशीन शेजारी लावते."

स्क्रिप्टच्या मशीनवरून पावती गेली. साहेबांच्या मशीनवरून परत आली. तिनं दोन्हींच्या सेटिंग्ज जुळवून पाहिल्या. फरक निघाला तो घड्याळाचा. साहेबांचं वीस मिनिटं पुढे! जी वेळ अजून आलीच नाही, तिची पावती सर्व्हर कशी घेईल?

ती वीस मिनिटं चौघांच्याही चांगल्याच ओळखीची होती. माणसं लवकर यावीत म्हणून साहेब दिसेल ते घड्याळ पुढे करत, भिंतीवरचंसुद्धा. सकाळचा उशीर भिंतीवर मोजायचा आणि संध्याकाळची सुट्टी मात्र साहेबांच्या मोबाईलवर.

"माझं घड्याळ बरोबर हाय," साहेब गरजले. "त्यो सर्व्हरच मागं हाय. भिंतीवर बघ की, तीच येळ!"

पंचशीलानं वर पाहिलं. "नक्की ना, सर?"

"बरोबर म्हंजे बरोबर!"

"मग सहा वाजले. सुट्टी झाली." तिनं पर्स उचलली.

"थांब..." साहेबांनी मोबाईल पाहिला. पाच चाळीस. पाच चाळीस म्हणावं तर पत्र खोटं ठरतं, सहा म्हणावं तर ही चालली. चौघांनीही खुर्च्या मागे सारल्या. साहेबांनी पत्राची घडी करून खिशात कोंबली.

ती जिन्यात पोचली तेव्हा मागून पडेल आवाज आला, "उद्या ती तुझी स्क्रिप्टच लाव."

"लावते की. दहाला येते, सर. खऱ्या दहाला."