मडक्यांचं छत

माधव गेल्याची बातमी सेलूहून फोनवर आली, तेव्हा मी परभणीत पंख्याखाली घाम पुसत बसलो होतो. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली, वातानुकूलित सभागृहात, खिडक्या पडद्यांसकट बंद करून. जो तो उठून त्याला 'हवेशीर घरांचा शिल्पकार' म्हणत होता. पहिल्या वक्त्यानं कदाचित मनापासून म्हटलं असेल. मला मात्र शाल पांघरावी लागली...

माधव माझा शाळेपासूनचा मित्र. आर्किटेक्ट होऊन सेलूला परतला आणि कमी खर्चाच्या, कमी विजेच्या घरांचे नकाशे काढू लागला. आमच्याकडे घर आधी रस्त्यावरून बघायचं असतं, राहायचं नंतर. म्हणून दर्शनी भागाला काच आणि चकचकीत टाइल्स, मग ती बाजू पश्चिमेची का असेना. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया उभ्या. तो मजला नातवांच्या भरवशावर. माधव अशी कामं नाकारायचा, त्यामुळे त्याच्याकडे मोकळा वेळ भरपूर असे. स्वतः मात्र जन्मभर भाड्याच्या पत्र्याखाली राहिला. टोकलं की म्हणायचा, "डॉक्टर काय स्वतःचं ऑपरेशन करतो का?"

माझी मोठी बहीण, आक्का, बोरीत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशात तिनं घर बांधायला काढलं. ते बिघडलं तर दुसरं होणार नव्हतं, हे ती रोज सांगायची. आणि माधवचं नाव मी सुचवल्यामुळे मलाच सांगायची. त्यानं पश्चिमेची भिंत बिनखिडकीची केली, विटांच्या मधे पोकळी ठेवून. बाहेरून गिलावा नाही. सिमेंट वाचावं आणि ऊनही अडावं म्हणून छतात उलटी मडकी घालायची ठरली, तेव्हा मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.

"साहेब, मडकं मसणात नेतेत. घराच्या छतात न्हाई घालत."

आक्काचा चेहरा उतरला. "माधव, हे अशुभ तर न्हाई ना रे?"

"आक्का, उन्हाळ्यात तुमी पाणी कशातलं पेता?"

"माठातलं."

"मग तेच डोक्यावर घ्यायचं. पालथं."

आक्का हसली नाही. "वास्तुशांत मी भर वैशाखात करणार हाय. पावणे घामाघूम झाले, तर सगळ्या घराला गिलावा करीन, कूलर आणीन, आन् तुला पुन्हा दारात उभं करणार न्हाई."

वास्तुशांतीला निम्मं बोरी आलं. "बाई, गिलाव्याला पैसे कमी पडले काय?" असं कोणी दारातच विचारलं. आक्का कसनुशी हसली. माधव कोपऱ्यात उभा राहून पाहुण्यांच्या कपाळांकडे बघत होता. पंगती उठल्या. एरवी वैशाखात लोक जेवून विडा तोंडात टाकतात आणि आपापल्या सावलीला पळतात. त्या दुपारी कोणी हललंच नाही. लाइट गेली, पंखा थांबला, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. बायका सतरंजीवर आडव्या झाल्या. सरपंच भाषण करायच्या तयारीनं आले होते, ते भिंतीला टेकून घोरायला लागले. त्या घरानं गावावर केलेला तो पहिला उपकार.

आक्कानं सगळीकडे नजर फिरवली आणि माधवला स्वयंपाकघरात बोलावलं. "आता एवढ्यांना उठल्यावर चहा कोण करणार? तूच कर." त्यानं केला. भिकार झाला होता, पण ती तो संपवून दुसरा कप प्यायली.

माधवची एक सवय होती. कोणाच्याही घरी गेला की पाण्याचा तांब्या येण्याआधी तो पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावायचा, आजाऱ्याचा ताप बघावा तसा. लोक आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचे... परवा बोरीला गेलो, तेव्हा आक्काबरोबर शेजाऱ्यांचं नवं घर बघायला जावं लागलं. काच होती, टाइल्स होत्या, सळयाही होत्या. यजमान मला अंगणात धरून दर्शनी भाग समजावून सांगत होते. आक्का सरळ आत गेली, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून क्षणभर तशीच थांबली. मग तांब्या घेऊन आलेल्या सुनेला म्हणाली,

"लय तापलीय गं. सैपाक हितंच करतीस? दुपारची माझ्याकडं येत जा."